नालबंदाची ऐरण : निवड, पारख आणि निगा

माळरान

सर्वांना नमस्कार. पुण्याजवळच्या एका पागेत मी गेली तीन वर्षे एका बुजुर्ग नालबंदांच्या हाताखाली काम शिकत आहे. दिवाळीनंतर ते कायमचे गावी जाणार आहेत आणि त्यांची ऐरणही त्यांच्यासोबत जाईल, तेव्हा मला स्वतःची ऐरण घ्यावी लागणार आहे.

ऐरण जितकी जड तितकी चांगली, अशी माझी आजवर समजूत होती. ती गेल्या महिन्यात मोडली. उस्ताद नसताना एका घोडीची नाल निघाली, म्हणून मी शेजारच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या भल्यामोठ्या लोखंडी ठोकळ्यावर नवी नाल ठोकून सपाट केली आणि बसवली. आठव्या दिवशी ती हलू लागली. उस्तादांनी ती काढली, खिडकीच्या काचेवर ठेवली आणि एका टोकावर बोट दाबले, तर दुसरे टोक नखभर वर आले. ठोकळा मधोमध खोलगट होता आणि माझ्या प्रत्येक घावाबरोबर तो खोलगटपणा नालेत उतरत गेला होता. त्यामुळे खुराचा भार नालेच्या दोन-तीन जागांवरच पडत होता, प्रत्येक पावलाला नाल लवत होती आणि खुरातली खिळ्यांची भोके रुंदावत होती. घोडी लंगडली नाही, हे माझे नशीब.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, हार्डवेअरच्या दुकानातली नवी, निळा रंग दिलेली, ५० किलोची ऐरण. तिचे शिंग, म्हणजे एका बाजूचे निमुळते टोक, आणि कडा अगदी रेखीव आहेत. दुसरा, एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधली जुनी विलायती ऐरण; तिच्या कडा दोन ठिकाणी उडाल्या आहेत, अंगावर गंज आहे आणि कमरेवर, म्हणजे मधल्या अरुंद भागावर, ०, ३, १४ असे आकडे कोरलेले आहेत. तिसरा, रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेऊन त्याला आकार देणे. मी काय पाहावे आणि काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

लोहभाता

माळरानताई, तुमच्या उस्तादांनी नाल काचेवर ठेवली, यातच तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर आहे. नालबंदाच्या ऐरणीचा माथा, म्हणजे ज्यावर घाव बसतो ती वरची बाजू, सपाट नसेल तर तिचे वजन, तिचा कारखाना आणि तिचा रंग यांचा काहीही उपयोग नाही. लोहार कोयत्याला किंवा फाळाला आकार देतो, तेव्हा माथ्याचा थोडा खोलगटपणा त्याला सहसा आड येत नाही. आपला माल मात्र जिवंत खुराखाली जातो.

लोहाराच्या आणि नालबंदाच्या ऐरणीत वजनापेक्षा घडणीचा फरक मोठा असतो. आपली ऐरण साधारण ३५ ते ५० किलोची असली तरी चालते, कारण आपला हातोडा किलोच्या आतबाहेर असतो आणि ऐरण हातोड्याच्या पन्नासपट असली की घाव वाया जात नाही. शिवाय ती गाडीतून उतरवावी लागते. शिंग लांब आणि हळूहळू निमुळते होत जाणारे हवे. घोड्याचा पुढचा खूर गोलसर आणि मागचा टोकाकडे निमुळता असतो. तट्टाच्या खुरापासून उंच्यापुऱ्या घोड्याच्या खुरापर्यंत प्रत्येकाच्या गोलाईला जुळणारी जागा त्याच शिंगावर कुठे ना कुठे सापडली पाहिजे. आखूड आणि बोजड शिंगावर लहान नालेचा पुढचा बाक कधीही नीट येत नाही. टाच, म्हणजे शिंगाच्या विरुद्ध बाजूचे टोक, पातळ असावी. टाचेकडच्या गोल भोकावर नाल धरून खिळ्यांची भोके साफ करता येतात. चौकोनी भोकात छिन्नी किंवा इतर हत्यार उभे बसवता येते. काही ऐरणींना टाचेवर दोन खुंट्या असतात, त्यांच्यामध्ये नालेचे टोक अडकवून ते आत-बाहेर वळवता येते. बाजूला लहानसा उंचवटा असेल, तर नालेच्या पुढच्या कडेला खुरावर चढणारी जीभ काढणे सोपे जाते. खुंट्या आणि उंचवटा नसला तरी काम अडत नाही. शिंग आणि माथा यांच्याबाबतीत मात्र तडजोड करू नये.

आता पारख. खरेदीला जाताना एक फुटाची पोलादी पट्टी, बॅटरी, नवी बारीक कानस आणि बेअरिंगमधली इंचभर व्यासाची गोळी बरोबर न्यावी.

पट्टी माथ्यावर कडेवर उभी ठेवावी आणि पलीकडून बॅटरीचा उजेड टाकावा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर असे पाहावे. पट्टीखालून उजेडाची सलग आणि वाढत जाणारी चीर दिसली, तर माथा बसलेला आहे. माथ्याची एक तरी वीतभर जागा निर्दोष असावी, कारण आपले सपाटीचे सगळे काम त्या एवढ्याशा जागेवरच होते.

नंतर गोळी. पट्टी उभी धरून गोळी २५ सेंटिमीटरवरून सोडावी आणि ती किती उसळते ते पाहावे. चांगल्या कठीण पोलादावर ती २० सेंटिमीटर किंवा त्याहून वर येते. साध्या बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, ती सहा-आठ सेंटिमीटरच उठते आणि मऊ आवाज करून थांबते. ही चाचणी एकाच ठिकाणी न करता माथ्याच्या दर दोन बोटांवर करावी, कारण जुन्या ऐरणींत वरचे पोलाद खालच्या लोखंडापासून एखाद्या ठिकाणी सुटलेले असते आणि तेथे गोळी एकदम मरते. पातळ टाचेवर उसळी थोडी कमी येणारच, तो दोष समजू नये.

कानस माथ्याच्या कडेला हलकेच ओढावी. ती घसरली तर माथा कठीण आहे, चावली तर मऊ आहे. आवाजावर मात्र एकट्यावर विसंबू नये. घणघणीत नाद हे सहसा चांगले लक्षण असते, पण बिडाच्या अंगावर पोलादी माथा जोडलेल्या ऐरणी, उदाहरणार्थ अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन येथील फिशर कारखान्याच्या, जवळजवळ नादत नाहीत आणि तरीही त्यांचा माथा उत्तम असतो.

तुमच्या निळ्या ऐरणीबद्दल मला शंका आहे. रंग काढून पाहिल्याशिवाय आणि गोळी टाकल्याशिवाय पैसे देऊ नका.

दूरदेशी

मी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये घोड्यांच्या एका तबेल्यावर काम करतो. येथे १९७५ च्या कायद्यामुळे नोंदणी नसलेल्या सामान्य माणसाला घोड्याला नाल ठोकता येत नाही, त्यामुळे मी स्वतः हातोडा उचलत नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या नालबंदांच्या गाडीतल्या ऐरणी मी वर्षानुवर्षे जवळून पाहत आलो आहे.

तुमच्या जुन्या ऐरणीवरचे ०, ३, १४ हे आकडे म्हणजे तिचे वजन आहे. जुन्या इंग्लिश मापात पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा, म्हणजे २८ पौंडांचा. आणि तिसरा सुट्या पौंडांचा. तेव्हा शून्य, अधिक तीन वेळा २८ म्हणजे ८४, अधिक १४, असे एकूण ९८ पौंड, म्हणजे साधारण साडेचव्वेचाळीस किलो झाले. नालबंदाला याहून सोयीचे वजन सापडणे कठीण. आकडे कोरलेल्या बाजूला तारेच्या ब्रशने गंज झाडून पाहा. डडलीच्या पीटर राइट किंवा शेफील्डच्या माउसहोल यांच्यापैकी कोणाचे नाव निघाले, तर ती ऐरण घडीव लोखंडाच्या अंगावर पोलादाची साधारण अर्धा इंच जाडीची पट्टी भट्टीत सांधून केलेली आहे. तेवढे अर्धा इंच पोलाद हीच त्या ऐरणीची सगळी पुंजी असते, म्हणून कोणी "मशीनवर माथा घासून चकचकीत करून देतो" असे म्हणाले, तर आधी किती पोलाद शिल्लक आहे ते कडेवरून नीट पाहा.

घाटमाथा

रुळाच्या तुकड्याबद्दल लिहितो, कारण मी स्वतः सहा वर्षे त्यावर काम केले आहे. रुळाचे पोलाद चिवट असते आणि झिजही कमी होते. त्यामुळे तो फुकटची ऐरण म्हणून लोक सुचवतात. पण ५२ किलोचा रूळ म्हणजे मीटरला ५२ किलो. हातभर लांबीचा तुकडा पंचवीस किलोच्या आतच भरतो आणि आडवा ठेवला तर हातोड्याखाली फक्त डोक्याची जाडी आणि मधली पातळ पट्टी येते, त्यामुळे घाव उसळून हाताला झिणझिण्या येतात. माझा अनुभव असा की तोच तुकडा उभा गाडला, तर सगळे वजन घावाखाली येते आणि काम निम्म्या कष्टात होते. पण मग माथा तळहाताएवढाही राहत नाही आणि नाल सपाट करता येत नाही. माझ्याकडे तो आता फक्त खिळ्यांची टोके वळवण्यापुरता उरला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. भंगारवाल्याने बिलाशिवाय दिलेला रूळ घरात ठेवू नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो तुमच्याकडे कसा आला, हे तुम्हालाच सांगावे लागते. रेल्वेच्या लिलावातून घेतलेला माल आणि त्याची पावती असेल, तरच या वाटेला जावे.

ऊसपट्टा

आमचे वडील सांगली भागात साखर कारखान्याच्या तळावर बैलांना पत्र्या, म्हणजे बैलाच्या पातळ नाला, मारत असत. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ पत्र्या लागत. त्यांची ऐरण म्हणजे मुठीहून थोडा मोठा चौकोनी पोलादी ठोकळा, खाली निमुळता, बाभळीच्या बुंध्यात ठोकलेला. त्याला शिंग नव्हते आणि कधी लागलेही नाही. पत्री पातळ असते आणि तिला फक्त किंचित बाक द्यावा लागतो. माळरानताईंना घोड्याचेच काम करायचे आहे, म्हणून त्यांना शिंग हवेच, याबद्दल मी लोहभातांशी सहमत आहे. पण ज्यांचे काम बैलांचे आहे, त्यांनी विलायती आकाराच्या ऐरणीमागे धावू नये, एवढेच सांगायचे आहे.

वडिलांची एक शिस्त मात्र सगळ्यांनाच उपयोगी पडावी. ते ऐरणीवर कोणालाही मोकळा हातोडा मारू देत नसत. आम्ही मुले नाद ऐकायला म्हणून हातोडा आपटायचो, तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणत, "तिला मध्ये काहीतरी दे, मग मार." हातोड्याचे पोलादही कठीण आणि माथाही कठीण, दोघांची गाठ थेट पडली की कुणाची तरी कपची उडते आणि ती डोळ्यात जाते.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही ऐरणी पाहून आले.

निळी ऐरण आधी पाहिली. दुकानदाराने गोळी टाकू दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. २५ सेंटिमीटरवरून सोडलेली गोळी जेमतेम सात सेंटिमीटर उसळली, सगळीकडे सारखीच. टाचेखाली रंग खरवडला तर राखाडी, रवाळ पृष्ठभाग दिसला आणि कानशीने काळी भुकटी निघाली. ती सरळ सरळ बिडाची होती. तिच्यावर चार महिने काम केले असते, तर माथ्यावर माझ्या हातोड्याचे खळगे उमटले असते आणि तेच पुढे नालेत उतरले असते.

विलायती ऐरणीचे नाव झिजलेले आहे, वाचता येत नाही. कमरेजवळ मात्र लोखंडाच्या तंतूंच्या बारीक रेषा दिसतात. माथ्याच्या मधल्या भागात गोळी वीस-एकवीस सेंटिमीटर उसळते, टाचेकडे अठरा. मृत जागा एकही सापडली नाही. पट्टीखाली मध्यभागी उजेडाची अगदी बारीक रेघ दिसते, पण शिंगाच्या बाजूची वीतभर जागा पूर्ण सपाट आहे. उजवीकडची कड मात्र दोन ठिकाणी उडालेली आहे, एक खाच माझ्या करंगळीच्या पेराएवढी. मालक म्हणतात, वेल्डिंगने भरून कड नव्यासारखी करून देतो. करू द्यावे का?

लोहभाता

कृपया करू देऊ नका. ऐरण घ्या आणि जशी आहे तशीच घ्या.

माथ्याची कठीणता पोलादाला दिलेल्या पाण्यातून, म्हणजे तापवून एकदम थंड करण्यातून, आलेली असते. साधे वेल्डिंग करताना खाचेभोवतालची जागा इतकी तापते की तिथली कठीणता उतरते आणि थंड होताना वेल्डच्या कडेने बारीक चिरा पडण्याची शक्यता असते. नीट दुरुस्ती करायची, तर सगळी ऐरण आधी बेताने तापवून, योग्य प्रकारच्या कांड्या वापरून, सावकाश थंड होऊ देत करावी लागते. हे काम जाणणारा माणूस समोर असेल तरच तो विचार करावा. माझ्या पहिल्या ऐरणीवर एका वर्कशॉपने असाच "उपकार" केला होता. दोन महिन्यांत भरलेला तुकडा निघाला आणि जाताना मूळ पोलादाची फाकही घेऊन गेला. ग्राइंडर फिरवलेल्या जागी निळसर झाक दिसत होती, तेव्हाच मी समजायला हवे होते. पोलाद निळे पडले म्हणजे ते साधारण ३०० अंशांपर्यंत तापले आणि तिथली कठीणता उतरली.

त्यापेक्षा असे करा. उडालेल्या खाचांचे धारदार ओठ हाताच्या कानशीने किंवा सपाट दगडाने हलके गोल करा, म्हणजे चीर पुढे जाणार नाही. उरलेल्या कडांनाही दोन-तीन मिलिमीटरची गोलाई द्या. पूर्ण धारदार कड पहिल्याच चुकलेल्या घावाला उडते आणि नालेवर कापल्यासारखा व्रण उठवते. शिंगाजवळचा इंच-दोन इंच भाग थोडा अधिक गोल ठेवा, नालेची जीभ काढताना तो उपयोगी पडेल. माथ्याला मशीन लावू नका. मधोमध दिसणारी बारीक रेघ तुम्हाला आड येणार नाही, कारण सपाटीसाठी तुमच्याकडे शिंगाकडची वीतभर जागा आहे. खोलगट भागाचा वाकडी नाल सरळ करायला उलट फायदाच होतो.

तांबडीमाती

माथेरानला घोडे हे आमचे नेहमीचे वाहन, त्यामुळे नालबंदाचे काम बारमाही चालते आणि पावसाळ्यात ऐरणीची खरी परीक्षा होते. जून ते सप्टेंबर धुक्यात लोखंडावर रात्रीत तांबूस पापुद्रा येतो. दिवसाचे काम संपले की माथा कोरड्या फडक्याने पुसून त्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जाड थर दिला तर त्यावर धूळ आणि गरम लोखंडाच्या खपल्या बसतात, आणि सकाळी पहिल्या घावाला त्या नालेत ठोकल्या जातात. रोज वापरातल्या माथ्याला गंज फारसा लागतच नाही. गंजतात त्या कंबर, शिंगाची खालची बाजू आणि चौकोनी भोक. त्या भोकात राखेचा आणि खपल्यांचा ओला लगदा साचतो, तो आठवड्यातून एकदा काडीने काढावा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. खंडेनवमीला आम्ही ऐरणीची पूजा करतो आणि त्या दिवशी तिच्यावर घाव घालत नाही. एका वर्षी पूजेची ओली हळद-कुंकवाची बोटे आणि फुले माथ्यावर तशीच राहिली आणि सुट्टीमुळे चार दिवस कोणी पाहिले नाही. फुले उचलली तर खाली पाकळ्यांच्या आकाराचे काळे डाग होते आणि त्यांच्यात बारीक खड्डे पडले होते. ते खड्डे आजही गरम नालेच्या तळावर टिंबांसारखे उमटतात. तेव्हापासून आम्ही हळद-कुंकू ऐरणीच्या कमरेला लावतो, माथ्यावर कोरडे फूल ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून तेल लावतो.

दूरदेशी

आवाजाच्या त्रासाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. घडीव विलायती ऐरण फार जोरात नादते. तरुण घोडा त्या आवाजाने बिचकतो आणि नालबंदाचे कान वर्षानुवर्षांत निकामी होतात. येथील नालबंद टाचेखाली एक जाड चुंबक चिकटवतात किंवा कमरेला साखळी घट्ट गुंडाळतात. आवाज बराच कमी होतो आणि उसळीत काही फरक पडत नाही. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा अधूनमधून पुसावा लागतो, एवढेच.

तुमच्याकडे शर्यतीचे घोडे येत असतील, तर अ‍ॅल्युमिनियमची नाल सहसा थंडच वळवतात आणि तो धातू मऊ असल्यामुळे माथ्यावरचा प्रत्येक कण त्यात रुततो. त्यासाठी माथा आधी पुसून घेण्याची सवय लावून घ्या.

माळरान

ऐरण आणली. कडा हाताने गोल केल्या, त्याला दोन संध्याकाळी लागल्या. काल उस्तादांसमोर तिच्यावर त्याच घोडीची पुढची नाल केली आणि काचेवर ठेवली. चारही बाजूंनी बोट दाबून पाहिले, नाल हलली नाही. उस्ताद काहीच बोलले नाहीत, त्यांनी फक्त खिळ्यांची डबी माझ्याकडे सरकवली.

शेवटचा प्रश्न ओंडक्याचा आहे. मला बाभळीचा एक बुंधा मिळाला आहे, पण तो गेल्या पावसाळ्यात तोडलेला आहे. उंची किती ठेवावी आणि ऐरण कशी बांधावी?

लोहभाता

बुंधा अजून पुरता वाळलेला नसणार. वापरायला हरकत नाही, पण तो उन्हाळ्यात आकसेल, म्हणून त्याला वर आणि खाली अशा दोन लोखंडी कड्या घाला आणि त्या बोल्टने आवळता येतील अशा करून घ्या. बुंध्याचे तंतू उभेच राहिले पाहिजेत. तळाला डांबराचा हात द्या, नाहीतर वाळवी लागेल.

उंचीसाठी ऐरणीजवळ ताठ उभ्या राहा आणि हात सैल सोडा. घणाचे जड काम करणारे माथा मुठीच्या उंचीवर ठेवतात. आपल्याला नाल डोळ्यांजवळ आणून पुन:पुन्हा पाहावी लागते आणि दिवसभर घोड्याच्या पायाखाली वाकावेही लागते, म्हणून मी माथा मनगटाच्या रेषेत ठेवतो. ऐरणीखाली रबर घालू नका. बुंध्यावर ऐरणीच्या पायाच्या आकाराची बोटभर खोल जागा कोरून ती आत बसवा आणि चारही कोपऱ्यांवरून पोलादी पट्ट्या वाकवून जाड स्क्रूने आवळा. मग टाचेवर हाताने दाबून पाहा. जराही खुडखुड झाली, तर पट्ट्या पुन्हा आवळा. बुंधा आकसत जाईल तशा पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्या आठवड्याला एकदा आवळाव्या लागतील.